नाक, घसा की लाळ? नमुना कुठून घेतला, हे विचारायला हवे

तिसऱ्या लाटेने एक नवी सवय लावली होती. सर्दी झाली, अंग दुखू लागले की मेडिकलमधून अडीचशे रुपयांचे किट आणायचे, नाकात काडी फिरवायची आणि पंधरा मिनिटे त्या पट्टीकडे डोळे लावून बसायचे. एकच रेघ उमटली की घरात ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हटले जायचे आणि माणूस लगेच निकाहच्या दावतीला, मय्यतीला किंवा म्हाताऱ्या खालाजानची तब्येत विचारायला निघायचा. जानेवारी २०२२ च्या पहिल्या आठवड्यात मुंबईत एका दिवसात वीस हजारांवर रुग्ण नोंदले गेले. घरी किटवर तपासून गप्प बसलेल्यांचा त्यात हिशेबच नव्हता. मुंबई महापालिकेने औषध विक्रेत्यांना किटच्या विक्रीची नोंद ठेवायला सांगितले, ते त्यामुळेच.

या सगळ्यात एक प्रश्न कोणी विचारत नाही. नमुना शरीरातल्या कोणत्या जागेचा घेतला? रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ की ‘निगेटिव्ह’ हे आपण पाहतो, पण ते उत्तर नाकाने दिले, घशाने दिले की लाळेने, इकडे लक्ष जात नाही. विषाणू शरीरात सगळीकडे सारखा पसरत नाही. तो एका ठिकाणी आधी येतो, दुसरीकडे उशिरा पोहोचतो आणि तिसरीकडे मुक्काम ठोकतो. म्हणून निगेटिव्ह रिपोर्टचा खरा अर्थ फार तर एवढाच असतो की, त्या दिवशी, त्या जागेवर, त्या काडीला विषाणू सापडला नाही. ‘तुम्हाला कोरोना नाही’ असे ती काडी म्हणत नाही. हा फरक समजून घेतला नाही तर चाचणीचा उपयोग कमी होतो आणि धोका वाढतो.

एकच आजार, वेगवेगळी उत्तरे

साथीच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये चिनी संशोधकांनी अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक छोटा अहवाल प्रसिद्ध केला. कोरोना झालेल्या २०५ रुग्णांचे १,०७० नमुने त्यांनी तपासले होते. फुप्फुसात नळी घालून धुऊन काढलेल्या द्रवात ९३ टक्के नमुने पॉझिटिव्ह आले. खोकून काढलेल्या बेडक्यात ७२ टक्के, नाकाच्या स्वॅबमध्ये ६३ टक्के आणि घशाच्या स्वॅबमध्ये फक्त ३२ टक्के. विष्ठेत २९ टक्के, रक्तात १ टक्का, तर लघवीत एकही नाही.

हे आकडे वाचताना सावध राहायला हवे. नाकाचे नमुने फक्त आठ होते, घशाचे मात्र चारशेच्या आसपास. आठांतले पाच म्हणजे ६३ टक्के. एखादा इकडचा तिकडे झाला तरी टक्केवारी हलली असती. शिवाय फुप्फुसात नळी घातलेला रुग्ण आधीच गंभीर असणार. त्यामुळे ‘नाक घशापेक्षा दुप्पट चांगले’ असा निष्कर्ष यातून काढता येत नाही. तरीही मोठा मुद्दा ठळक होता. आजार निश्चित असलेल्या माणसांचेच हे नमुने होते, आणि तरी जागा बदलताच उत्तर बदलत होते.

त्याच सुमारास ग्वांगडोंगमधील झुहाई शहरातल्या १८ रुग्णांचा अभ्यास समोर आला. त्यात घशापेक्षा नाकात विषाणूचे प्रमाण जास्त दिसले. लक्षणे नसलेल्या एका व्यक्तीच्या नाका-घशातही आजाऱ्यांइतकाच विषाणू होता. पुढे जर्मनीत, म्युनिकच्या नऊ रुग्णांवर बारकाईने काम झाले. तिथे नाकाच्या मागचा भाग आणि घसा यांत म्हणावा असा फरक आढळला नाही. पहिल्या पाच दिवसांत सगळे स्वॅब पॉझिटिव्ह होते, त्यानंतर प्रमाण घसरत गेले आणि बेडक्यात मात्र विषाणू रेंगाळत राहिला.

चीन एक सांगतो, जर्मनी दुसरे. मग खरे कोण? दोघेही. कारण ‘कुठून’ या प्रश्नाला ‘केव्हा’ हा प्रश्न चिकटलेला आहे. सुरुवातीच्या दिवसांत विषाणू नाक-घशात वाढतो, नंतर काही रुग्णांत तो खाली फुप्फुसाकडे सरकतो. दहाव्या दिवशी धाप लागलेला रुग्ण दवाखान्यात येतो आणि त्याचा घशाचा स्वॅब निगेटिव्ह येतो, हे दुसऱ्या लाटेत अनेक घरांनी पाहिले आहे. रिपोर्ट निगेटिव्ह आणि एचआरसीटीत फुप्फुसे पांढरी! लोकांनी लॅबला शिव्या दिल्या. काही वेळा त्या योग्यही असतील. पण अनेकदा विषाणूने वरचा मजला सोडून खालच्या मजल्यावर बिऱ्हाड केलेले होते आणि आपण वरचेच दार वाजवत होतो.

दिवसाचा हिशेबही झाला आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या अभ्यासकांनी सात अभ्यासांतील १,३३० नमुन्यांवरून अंदाज काढला. लक्षणे सुरू होतात त्या दिवशी केलेली आरटीपीसीआर सुमारे ३८ टक्के बाधितांना चुकवते. तीन दिवसांनी हे प्रमाण २० टक्क्यांवर येते. संसर्गानंतर पहिल्या दिवशी तर चाचणीला जवळजवळ काहीच सापडत नाही. म्हणजे काल कोणाशी संपर्क आला म्हणून आज धावत जाऊन चाचणी करणे, हे मनाचे समाधान आहे.

दोन काड्या, एक नळी

आयसीएमआरने या गोष्टी ओळखूनच नाक आणि घसा दोन्हींचे स्वॅब घेऊन एकाच नळीत टाकण्याची पद्धत सांगितली होती. एका जागेने चुकवले तर दुसरी पकडेल, असा साधा हिशेब त्यामागे होता. खर्चही वाढत नाही, कारण नळी एकच आणि तपासणी एकच.

प्रत्यक्षात काय झाले? गर्दीच्या कॅम्पमध्ये रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकलेली, पीपीई किटमध्ये घामाने भिजलेला कर्मचारी आणि समोर दोनशे माणसांची रांग. कुठे फक्त घसा, कुठे फक्त नाक, आणि तेही नाकपुडीच्या तोंडाशी. नाकाच्या मागच्या भागाचा नमुना म्हणजे काडी वर कपाळाकडे ढकलायची नसते. ती टाळूला समांतर, सरळ मागे न्यायची असते, साधारण नाकपुडी ते कान या अंतराच्या मानाने, आणि तिथे काही सेकंद ठेवून फिरवायची असते. ते नकोसे वाटते, डोळ्यांत पाणी येते. त्यामुळे घेणारा घाईत असतो आणि देणारा मान मागे ओढत असतो. अशा ओढाताणीतून आलेल्या नमुन्यावर जगातले सर्वोत्तम यंत्र चालवले तरी उत्तर कच्चेच येणार.

यात कर्मचाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना किती दिवसांचे प्रशिक्षण मिळाले, किती पगार मिळाला आणि एका पाळीत किती नमुन्यांचे टार्गेट दिले, हे विचारले पाहिजे. २०२० च्या सुरुवातीला खासगी आरटीपीसीआर साडेचार हजार रुपयांना होती. राज्य सरकारने जूनमध्ये ती २,२०० वर आणि मार्च २०२१ अखेरीस ५०० रुपयांवर आणली. हे चांगलेच झाले. पण दराची चर्चा झाली तशी नमुन्याच्या दर्जाची झाली नाही. किती चाचण्या केल्या याचे आकडे रोज संध्याकाळी टीव्हीवर यायचे. त्यातले किती नमुने नीट घेतले गेले होते, हे कोणी विचारलेच नाही.

अँटिजेन चाचणीचेही तसेच. जून २०२० मध्ये आयसीएमआरने पहिल्या किटला मान्यता दिली, तेव्हाच स्पष्ट लिहिले होते की दोन ठिकाणी केलेल्या तपासणीत तिची बाधित ओळखण्याची क्षमता ५०.६ ते ८४ टक्के आहे. पॉझिटिव्ह आली तर खरी माना. लक्षणे असताना निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करा. या वाक्याचा पहिला अर्धा भाग सगळ्यांनी लक्षात ठेवला. दुसरा अर्धा कागदावर राहिला.

लाळेची साक्ष

माणसाला न दुखवता नमुना घेता आला तर? हा प्रश्न हाँगकाँगच्या संशोधकांनी फेब्रुवारी २०२० मध्येच विचारला आणि १२ पैकी ११ रुग्णांच्या लाळेत त्यांना विषाणू सापडला. येल विद्यापीठाच्या चमूने ७० दाखल रुग्णांमध्ये तुलना केली. निदानानंतरच्या पहिल्या पाच दिवसांत लाळेचे ८१ टक्के नमुने पॉझिटिव्ह होते, नाकाच्या मागच्या भागाचे ७१ टक्के. कारण सरळ आहे. लाळ माणूस स्वतः देतो. काडी किती आत गेली, कोणी घेतली, माणसाने मान मागे ओढली का, हे प्रश्नच उरत नाहीत.

आपल्याकडेही हे काम झाले आणि तेही नागपुरात. नीरी या संस्थेने मिठाच्या पाण्याने गुळणी करून नमुना देण्याची पद्धत तयार केली. पंधरा सेकंद गुळणी, पंधरा सेकंद तोंडात खळखळ आणि ते पाणी नळीत थुंकायचे. काडी नको, नमुना घ्यायला तज्ज्ञ माणूस नको, महागडे रसायनही कमी आणि तीन तासांत उत्तर. मे २०२१ मध्ये आयसीएमआरने तिला मान्यता दिली. नागपूरच्या या पद्धतीचे वर्तमानपत्रांनी कौतुक केले. पण आठ महिन्यांनंतर आपल्या वस्तीतल्या केंद्रावर जाऊन ‘गुळणीचा नमुना द्यायचा आहे’ असे म्हणून पाहिले असते तर समोरचा माणूस तुमच्याकडे कसा बघतो ते कळले असते.

माझी तक्रार इथे आहे. लहान मूल, पार्किन्सनचा रुग्ण, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारे अब्बाजान, रस्त्यावर सगळ्यांसमोर नकाब काढायला संकोचणारी बाई, या सगळ्यांना काडीऐवजी गुळणी किंवा लाळ हा पर्याय मिळाला असता तर त्यातली कितीतरी माणसे वेळेवर तपासायला आली असती. चाचणीची ताकद फक्त प्रयोगशाळेत मोजायची नसते. नव्वद टक्के अचूक असलेली चाचणी निम्म्या लोकांनी टाळली तर ती वस्तीसाठी पंचेचाळीस टक्केच अचूक आहे.

ओमायक्रॉनने मांडलेला नवा वाद

ओमायक्रॉनने हा प्रश्न पुन्हा उकरला. दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊनच्या संशोधकांनी डिसेंबर २०२१ अखेर प्राथमिक निष्कर्ष जाहीर केले. डेल्टाच्या वेळी नाकाचा स्वॅब लाळेपेक्षा सरस होता, १०० विरुद्ध ७१ टक्के. ओमायक्रॉनमध्ये चित्र उलटले. लाळ १०० आणि नाक ८६. अमेरिकेत रोज चाचणी होणाऱ्या ३० लोकांच्या एका छोट्या अभ्यासात आढळले की, लाळेची पीसीआर पॉझिटिव्ह आली तरी नाकाची अँटिजेन पहिले दोन दिवस निगेटिव्हच राहिली आणि त्या काळात काहींकडून दुसऱ्यांना लागणही झाली. हाँगकाँग विद्यापीठाच्या प्रयोगात ओमायक्रॉन श्वासनलिकेच्या पेशींत डेल्टापेक्षा सुमारे सत्तर पटीने वेगाने वाढताना दिसला, फुप्फुसाच्या पेशींत मात्र हळू. घसा आधी खवखवतो आणि नाक नंतर गळते, हा रुग्णांचा अनुभव याच्याशी जुळतो.

हे दोन्ही अभ्यास छोटे होते आणि तेव्हा तज्ज्ञांच्या तपासणीतून पूर्ण गेलेले नव्हते. तरी इस्रायलच्या आरोग्य खात्याने घरच्या चाचणीत आधी घसा, मग नाक असा सल्ला दिला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नेमके उलटे सांगितले की, जे किट नाकासाठी मंजूर आहे ते घशात घालू नका. व्हॉट्सॲपवर मात्र दोन्ही सल्ले एकत्र फिरत होते आणि लोक गालातून, जिभेवरून, कुठूनही काडी फिरवू लागले होते.

माझे मत असे. घरच्या किटवर स्वतःचे प्रयोग करू नका. ते नाकाच्या स्रावासाठी बनवलेले आहे. तोंडातले अन्न, चहा, आंबट पदार्थ यांमुळे पट्टी चुकीचे सांगू शकते. घशात काडी घालताना इजाही होऊ शकते. त्यापेक्षा दोन सोपे उपाय आहेत. पहिला, लक्षणे असून निगेटिव्ह आले तर स्वतःला बाधितच समजा आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा तपासा. दुसरा, आरटीपीसीआरला गेलात तर नाक आणि घसा दोन्हींचा नमुना घ्यायला सांगा. लोकांनी इतके करावे. सरकारने करायचे ते वेगळे. इथल्या लोकांवर, इथल्या किटवर, नाक-घसा-लाळ यांची तुलना करून आठवड्याभरात निष्कर्ष जाहीर करावेत. केप टाऊन ते करू शकते, तर मुंबई-पुण्याला काय अडचण आहे? पहिले भारतीय आरटीपीसीआर किट आणि पहिले घरगुती किट, दोन्ही पुण्यातूनच आले होते.

इज्जतीचा प्रश्न

जागेच्या शोधात माणसाची इज्जत विसरता येत नाही. जानेवारी २०२१ मध्ये बीजिंगमध्ये काही लोकांचे गुदद्वारातून स्वॅब घेतले गेले. तिथे विषाणूचे अंश जास्त दिवस सापडतात, असे कारण दिले गेले. जपानने आपल्या नागरिकांना यामुळे मानसिक त्रास होत असल्याचे सांगून ते थांबवण्याची मागणी केली. श्वासातून पसरणाऱ्या आजारात तिथे सापडणाऱ्या अंशांवरून माणूस इतरांना लागण करेल की नाही, हे ठरत नाही. थोडे जास्त सापडते म्हणून काहीही करायचे, हे शास्त्र नव्हे.

आपल्याकडे इज्जतीचा प्रश्न दुसऱ्या वाटेने आला. २०२० च्या एप्रिलमध्ये तबलिगी जमातच्या निमित्ताने एका समाजालाच विषाणू ठरवले गेले. भाजीवाल्यांची नावे विचारली गेली. औरंगाबाद खंडपीठाने त्याच वर्षी २१ ऑगस्टला परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवले गेल्याचे नोंदवले. निकाल आला, पण तोवर मोहल्ल्यांत चाचणीची भीती बसली होती. पॉझिटिव्ह आलो तर घरावर फलक लागेल, टीव्हीवर वस्तीचे नाव येईल. या भीतीला अफवांनी खतपाणी घातले. नाकातली काडी मेंदूपर्यंत जाते, त्यातून काहीतरी सोडतात. वस्तुतः नाकाच्या मागची ती जागा आणि मेंदू यांच्यामध्ये कवटीचे हाड आहे. नीट समांतर घेतलेला स्वॅब मेंदूच्या दिशेने जातच नाही. हे सांगणारा माणूस विश्वासातला असेल तरच पटते, आणि विश्वास तर आधीच मोडलेला होता.

अशा वेळी उलेमांनी एक चांगले काम केले, ते नोंदवायला हवे. रमजानमध्ये स्वॅब दिल्याने रोजा तुटतो का, हा प्रश्न २०२० मध्ये देवबंदच्या दारुल उलूमकडे गेला. काडीवर औषध किंवा रसायन नसते, म्हणून नाका-घशाचा नमुना दिल्याने रोजा तुटत नाही, असे उत्तर आले.  गुळणीचा नमुना द्यायचा असेल तर तो सहेरीपूर्वी किंवा इफ्तारनंतर द्यावा, कारण रोजात पाणी घशाशी नेण्याबद्दल सावधगिरी सांगितली आहे. आणि माणूस आजारीच असेल तर रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत दीननेच दिलेली आहे. इमाम साहेबांनी जुम्याच्या बयानात हे दोन मिनिटांत सांगितले तर दहा पत्रकांचे काम होईल.

रक्ताने सांगितलेली गोष्ट

काडीने आपल्याला किती चुकवले, हे शेवटी रक्ताने सांगितले. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत ६,९३६ लोकांचे रक्त तपासले गेले. नाकाचा स्वॅब ‘आज विषाणू आहे का’ हे सांगतो. रक्तातली प्रतिपिंडे ‘येऊन गेला का’ हे सांगतात. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना, तर इतर वस्त्यांत १६ टक्क्यांना संसर्ग होऊन गेलेला होता. अधिकृत आकड्यांच्या कितीतरी पट. गरीब वस्त्यांत आजार आला, पसरला, गेला आणि बहुतेकांच्या नाकापर्यंत कुठलीही काडी पोहोचलीच नव्हती.

हा धडा कोरोनापुरता नाही. क्षयाचे निदान बेडक्यावर होते, पण लहान मुलांना बेडका काढताच येत नाही. म्हणून वर्षानुवर्षे त्यांच्या पोटात नळी घालून नमुना घेतला गेला. आता जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या शौचाचा नमुनाही मान्य केला आहे. भिवंडी आणि गोवंडीतल्या आयांना याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. नमुन्याची जागा बदलली की कोणाचे निदान होते आणि कोण सुटून जाते, हेही बदलते.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक रिपोर्टवर नमुना कुठून घेतला आणि लक्षणांच्या कितव्या दिवशी घेतला, हे मराठीत लिहिलेले असावे. मोहल्ल्यातल्या प्रत्येक केंद्रावर काडीबरोबर गुळणीचाही पर्याय असावा आणि नमुना घेताना आडोसा असावा. आणि आपण, किट हातात घेऊन बसलेल्यांनी, एका रेघेवर इतका भरवसा ठेवू नये. घसा खवखवत असेल तर ती एक रेघ बाजूला ठेवा, मास्क लावा आणि खालाजानला फोनवरूनच सलाम सांगा.